रमतगमत खातं आणि आपली पोरं

मंडळी, आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गुजरातीत खेळांना 'रमतगमत' म्हणतात. आपल्या मराठीत रमतगमत म्हणजे रेंगाळत, वेळ काढत केलेलं काम. खानदेशातून नवीन आलेला माणूस सुरतेत 'जिल्हा रमतगमत अधिकारी' अशी पाटी पहिल्यांदा वाचतो तेव्हा त्याला हसू येतंच. माझ्या वडिलांनाही आलं होतं. ते अमळनेरहून तापी व्हॅली लाईनच्या गाडीने इथे आले आणि इथलेच झाले. पण त्या पाटीमागे जे खातं आहे ते आपल्या मुला-नातवंडांच्या आयुष्यात कुठे येतं, ते कसं उभं राहिलं आणि आपली पोरं त्यात कुठे अडकतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. समाजाच्या बैठकीत दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम, पांडेसरा इथे आपली एवढी वस्ती, पोरं गल्लीत दिवसभर खेळतात, मग राज्याच्या संघात आपली नावं एवढी कमी का? उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

सुरुवात बडोद्यापासून करू. तिथे जुम्मादादा नावाचे मुसलमान उस्ताद होते, त्यांची तालीम होती. त्यांचे पट्टशिष्य गजानन यशवंत तांबे, म्हणजे राजरत्न प्रोफेसर माणिकराव. गुरूच्या नावाने त्यांनी जुम्मादादा व्यायाम मंदिर नावारूपाला आणलं. उस्ताद मुसलमान, शिष्य मराठी, गाव गुजराती आणि राजा गायकवाड. आखाड्यात एकेकटा घुमणारा व्यायाम त्यांनी शंभर-दोनशे मुलांना एका हुकुमावर, एका तालात करायला लावला. सांघिक व्यायाम तो हाच. आज शाळेच्या पटांगणात रांगा लावून जी कवायत होते तिचं बरंचसं मूळ या बडोद्याच्या आखाड्यात आहे. त्याच बडोद्यात हिंद विजय जिमखान्याने १९२३ च्या सुमारास हुतुतूचे नियम बसवून मोठ्या स्पर्धा भरवल्या. खेळाला नियम आले की पंच येतो, पंच आला की नोंदवही येते, आणि नोंदवही आली की मंडळ लागतं. खेळांचा कारभार असाच सुरू होतो.

माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेल्यांत एक होते जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३, गाव गुजरातमधलं डभोई. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने जगाला माहीत झाले. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम त्यांनीच काढलं. योगाभ्यासामुळे त्यांचं नाव सगळे घेतात, पण शाळेच्या खेळांशी त्यांचा संबंध कमी जण सांगतात. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. शाळांमध्ये शारीरिक शिक्षण कसं असावं हे ठरवायला सरकारने समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद कुवलयानंदांकडे दिलं. पाठोपाठ १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. तोपर्यंत शाळेतला 'ड्रिल मास्तर' म्हणजे बहुधा पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार. कांदिवलीपासून तो रीतसर शिकलेला शिक्षक झाला.

सुरत तेव्हा मुंबई प्रांतातच होती. म्हणजे कांदिवलीची शिट्टी पुण्याच्या शाळेत वाजायची तशी सुरतेच्या शाळेतही. शेजारचं नवसारी बडोदा संस्थानात, तिथे माणिकरावांचा वारसा. दोन्ही बाजूंनी पाहिलं तर इथल्या शाळाशाळांतली खेळाची घडी बसवण्यात मराठी माणसाचा हात आहे. हे मी अभिमान मिरवायला सांगत नाही. ही व्यवस्था आपल्याला परकी नाही एवढंच सांगायचं आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली भारतीय शालेय खेळ महासंघ स्थापन झाला. याच वर्षी दिल्लीत आझाद हिंद सेनेचे जनरल जगन्नाथराव भोसले यांनी निर्वासितांच्या मुलांसाठी शिस्त योजना सुरू केली. तीही पुढे देशभर शाळांमध्ये पसरली. शालेय महासंघाची एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. क्रिकेटचं किंवा खो-खोचं असोसिएशन हौशी मंडळींनी, क्लबांनी मिळून केलेलं असतं. शालेय महासंघाचे सभासद मात्र प्रामुख्याने राज्य सरकारांची खाती. राज्याचं शिक्षण खातं किंवा क्रीडा खातं स्पर्धा घेणार, संघ निवडणार, गाडीची तिकिटं काढणार आणि राष्ट्रीय स्पर्धेला पाठवणार. म्हणजे आपल्याकडे शाळकरी पोराचा राज्यस्तरावरचा खेळ पहिल्यापासून सरकारी खात्यात जमा आहे.

मुंबई शहरात याआधीपासून वेगळी रीत होती. १८९३ मध्ये तिथल्या शाळांनी एकत्र येऊन स्वतःची संघटना काढली, आजची मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन. हॅरिस शील्ड, गाईल्स शील्ड तिच्याच. १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली ती हॅरिस शील्डमध्ये. तिथे शाळाच सभासद, शाळाच वर्गणी भरणार, शाळाच नियम करणार. सुरतेत अशी परंपरा रुजली नाही. इथे सरकारी शिडी हीच शिडी.

मग आलं १ मे १९६०. मी दहा वर्षांचा होतो. राज्य दोन झालं. सचिवालयातल्या फायली वाटल्या, कर्मचारी वाटले, तसे खेळही वाटले गेले. कालपर्यंत सुरतचा मुलगा मुंबई राज्याच्या स्पर्धेत पुणे-नाशिकच्या मुलांबरोबर एकाच यादीत बसत होता, तो आता गुजरातचा खेळाडू झाला. सुरत-भुसावळ लाईनवर नवापूर स्टेशन लागतं. त्याच्या फलाटावरून राज्याची हद्द जाते, एक भाग महाराष्ट्रात आणि एक भाग गुजरातेत. तिथल्या बाकावर बसून लोक फोटो काढतात. पण उच्छल-निझरकडची गावं पश्चिम खानदेशातून गुजरातेत आली, उंबरगाव ठाणे जिल्ह्यातून आलं, डांग गुजरातकडे राहिला, आणि या सगळ्या गावांतल्या पोरांची खेळाची वाट बदलली. ती फोटोत दिसत नाही.

डांगचंच उदाहरण घ्या. सह्याद्रीचा डोंगर एकच. हद्दीच्या अलीकडे डांग, पलीकडे नाशिकचा हरसूलचा भाग. पलीकडच्या सावरपाड्याची कविता राऊत महाराष्ट्राकडून पुढे आली आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. अलीकडची डांगची सरिता गायकवाड गुजरातकडून पुढे आली. आधी खो-खो खेळायची, मग धावण्याकडे वळली, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४ गुणिले ४०० मीटर रिलेच्या सुवर्णपदक संघात धावली. डांगचाच मुरली गावित २०१९ मध्ये दोहाच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत १०,००० मीटरला तिसरा आला. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे आणि तिच्या संघात डांगमधल्या बिलीआंबा गावची ओपिना भिलार. टीव्हीवर तो सामना पाहताना मला वाटलं, १९६० मध्ये वाटलेली दोन घरं एका पाटीवर बसलीत.

आता शिडी कशी आहे ते सांगतो. बँकेत नवीन माणसाला आधी फाईल कुठून कुठे जाते ते शिकवायचो, तसंच.

पहिली पायरी शाळा. मुलाला मनात आलं म्हणून शालेय स्पर्धेत उतरता येत नाही. शाळा प्रवेशिका भरते, मुख्याध्यापक सही-शिक्का देतात. दुसरी पायरी तालुका, आणि सुरतेसारख्या शहरात महापालिकेचा झोन. तिसरी जिल्हा. इथे शहर वेगळं आणि सुरत ग्रामीण वेगळं धरतात. मग राज्य, आणि राज्याचा संघ निवडला की राष्ट्रीय स्पर्धा. गट तीन, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे, मुलगे-मुली स्वतंत्र. वय मोजतात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला. प्रत्येक खेळात प्रत्येक गटाला राज्याचा संघ एकच. महाराष्ट्रातही शिडी अशीच आहे, फक्त तिथे जिल्हा आणि राज्य यांच्यामध्ये विभाग येतो. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक, लातूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर असे ८.

आणखी एक गंमत. सीबीएसईच्या शाळा, केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं यांची शालेय महासंघात राज्यांसारखीच स्वतंत्र एकक आहेत. म्हणजे वेसू-पालकडच्या सीबीएसई शाळेत शिकणारा तुमचा नातू आणि लिंबायतच्या गुजरात बोर्डाच्या शाळेत शिकणारा माझ्या शेजाऱ्याचा मुलगा एकाच शहरात राहतात, पण त्यांच्या शिड्या वेगळ्या. राष्ट्रीय स्पर्धेत ते एकमेकांसमोर उभेही राहू शकतात. शाळा निवडताना फी, माध्यम, बस सगळं विचारतो आपण. 'खेळाची एन्ट्री कुठल्या बोर्डाकडून जाते' हे कोणी विचारत नाही.

घटनेत पाहिलं तर खेळ राज्यसूचीत आहेत, ३३ व्या नोंदीत, नाटक-सिनेमा आणि करमणुकीच्या सोबत. शिक्षणही आधी राज्यसूचीतच होतं, ते १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेलं. कागदावरची ही गोष्ट जमिनीवर अशी दिसते की मूल एक आणि खाती दोन. वर्गातला खेळाचा तास, त्याचा शिक्षक, त्याचा पगार शिक्षण खात्याकडे. स्पर्धा, निवड, शिबिर, बक्षीस हे गुजरातेत क्रीडा खात्याच्या स्पोर्ट्स ऑथॉरिटीकडे. बँकेत एकाच गिऱ्हाईकाची दोन खाती असली आणि ती एकमेकांना जोडलेली नसली की काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. एका खात्यात शिल्लक असते आणि दुसऱ्यात चेक वटत नाही.

तुलनेसाठी अमेरिकेचं पाहू, आपल्यापैकी बऱ्याच जणांची नातवंडं न्यू जर्सीत आहेत म्हणून. तिथे राज्याराज्यात हायस्कूलांचीच संघटना असते. न्यू जर्सीची १९१८ पासून आहे. अशा राज्यसंघटनांचा देशपातळीवरचा महासंघ १९२० चा. नियम शाळा मिळून करतात. कुठला खेळ कुठल्या ऋतूत, शाळा बदलली तर किती दिवस थांबायचं, अभ्यासात ठरावीक क्रेडिट नसतील तर संघाबाहेर, सगळं लिहिलेलं. प्रशिक्षकाला शाळा मानधन देते. तिथेही सगळं गोड नव्हतं. १९७१-७२ मध्ये तिथल्या हायस्कूल संघांत खेळणाऱ्या मुली ३ लाखांच्या आत होत्या. १९७२ मध्ये मुलींना शिक्षणात, म्हणून खेळातही, समान संधी देणारा कायदा झाला, आणि आज त्या ३० लाखांच्या वर आहेत. मुलींच्या पायात बळ आधीही होतं. नियम बदलला म्हणून दार उघडलं.

आपल्याकडे असं दार उघडण्याचं एक मोठं काम २०१० मध्ये झालं. गुजरात सरकारने खेल महाकुंभ सुरू केला. पहिल्या वर्षी १६ खेळ आणि १३ लाख खेळाडू. २०१९ पर्यंत हा आकडा ४० लाखांवर गेला, खेळ ३६ झाले आणि दिव्यांगांसाठी २६. राजकारणात मी पडत नाही, पण कारभार म्हणून त्यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. शाळा सोडलेलं पोरही यात उतरू शकतं, कारण खुला गट आहे. इतकंच काय, चाळिशी आणि साठी ओलांडलेल्यांसाठीही गट आहेत, आमच्या बागेतल्या मंडळींनी लक्ष द्यावं! दुसरी म्हणजे बक्षिसाची रक्कम थेट खेळाडूच्या बँक खात्यात येते. मधल्या हातांची साखळी तुटली. यातून चमकलेल्या मुलांसाठी निवासी क्रीडाशाळा आहेत, राहणं-जेवण-शिक्षण-सराव एकत्र.

महाराष्ट्राने वेगळ्या वाटेने दारं उघडली. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं, मग तिथे क्रीडा प्रबोधिनी. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण, २५ पर्यंत. सरकारी नोकरीत ५ टक्के जागा. २०१९ ला पुण्यात आणि २०२० ला गुवाहाटीत झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत महाराष्ट्र पदकतक्त्यात पहिला आला त्याला ही पायाभरणी आहे. इथल्या मराठी माध्यमाच्या मुलांच्या पालकांना मी नेहमी सांगतो, गावाकडच्या भाच्याला मिळतात ते क्रीडागुण महाराष्ट्र बोर्डाचे आहेत. आपली मुलं गुजरात बोर्डाची. तिकडच्या नियमांच्या भरवशावर इथे बसू नका, इथले नियम इथल्या कचेरीत विचारा.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते सांगतो.

निवृत्तीनंतर मी काही वर्षं संध्याकाळी समाजाच्या कार्यालयात लोकांचे फॉर्म भरून द्यायला बसत असे. पेन्शन, पासबुक, शिष्यवृत्ती. एक दिवस लूमवर काम करणारे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी तेरा वर्षांची, खो-खोत अशी चपळ की खांबाला वळसा घालून कधी निसटली ते पाठलागवाल्यांना कळायचं नाही. शाळेच्या संघात होती, झोनला संघ जिंकला होता. जिल्ह्याच्या आधी कागद तपासले आणि तिचं नाव बाजूला काढलं. कारण काय? शाळेच्या रजिस्टरमध्ये जन्मतारीख १ जून. जन्मदाखल्यावर ऑगस्टमधली तारीख.

मंडळी, ही १ जून तुमच्या-माझ्या पिढीत किती जणांची आहे बघा! शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, आई सांगायची 'पोळ्याच्या आसपास झाली', आणि गुरुजी १ जून लिहून मोकळे. तेव्हा त्याने काही बिघडलं नाही. आता बिघडतं. २०१० मध्ये केंद्राने वयचोरीविरुद्ध संहिता आणली आणि ती योग्यच होती, कारण सोळा वर्षांचा दाढीवाला चौदाच्या गटात खेळवून पदकं मिळवणारे महाभाग होतेच. पण त्या चाळणीत खोटं बोलणारा जसा अडकतो तसा गाव बदललेलाही अडकतो.

त्यात आपली रीत. पहिलं बाळंतपण माहेरी. बाप सुरतेत, आई बाळंतपणाला नंदुरबार, धुळे, जळगावकडे. जन्माची नोंद तिकडच्या ग्रामपंचायतीत, मराठीत. नाव कधी 'मुलगी' एवढंच, कधी आजीने ठेवलेलं. इथे शाळेत नाव दुसरं, तेही गुजरातीत, आडनाव आधी. आधारवर तिसरंच. तिन्ही कागद खरे, आणि तिन्ही एकमेकांना ओळखत नाहीत. त्या मुलीचा दाखला दुरुस्त करायला बाप दोनदा रजा टाकून गेला. लूमवर रजा म्हणजे रोज बुडाला. पहिल्यांदा साहेब जागेवर नव्हते, दुसऱ्यांदा अर्ज घेतला. त्या कचेरीचं आणि शाळेचं नाव लिहीत नाही, लिहून काही साधत नाही. शाळेने आणखी चार दिवस मुदत मागायला हवी होती. मागितली नाही. दुरुस्त दाखला हातात आला तेव्हा जिल्ह्याच्या स्पर्धा होऊन तीन आठवडे झाले होते.

पुढच्या वर्षी ती १७ च्या गटात गेली. तिथे तिच्यापेक्षा हातभर उंच मुली. तिचा संघ झोनमध्येच हरला. दहावीनंतर तिने शिक्षण सोडलं, आता घरी साडीवर स्टोन लावायचं काम करते. ती राज्याच्या संघात गेलीच असती असं मी म्हणत नाही. तिला हरायलाही मैदान मिळायला हवं होतं, एवढंच. तिच्या धाकट्या भावाचे तिन्ही कागद मात्र तिने स्वतः मागे लागून जुळवून घेतले, तो पाचवीत असतानाच.

कागद जुळले तरी पुढे शिक्षक लागतो. शिक्षण हक्क कायद्यात मैदान ही अट आहे, आणि सहावी ते आठवीत शंभरावर पट असेल तर शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे. प्रत्यक्षात आपल्या भागातल्या कितीतरी खाजगी शाळा दोन गाळ्यांवर तीन मजले चढवून उभ्या आहेत, मैदान म्हणजे समोरचा रस्ता. व्यायाम शिक्षक निवृत्त होत गेले, जागा रिकाम्या राहत गेल्या. २०२३ मध्ये गुजरात सरकारने 'खेल सहायक' आणले, महिना २१,००० रुपये मानधन, करार ११ महिन्यांचा. काहीच नसण्यापेक्षा बरं. पण व्यायाम शिक्षकाला पोर ओळखायला दोन वर्षं लागतात. ११ महिन्यांच्या माणसाने कोणाला ओळखायचं आणि कोणासाठी मुदत मागायला जायचं? २०२५ मध्ये व्यायाम शिक्षणाचे पदवीधर कायम भरतीसाठी गांधीनगरला जाऊन बसले, त्यांची मागणी खरं तर आपल्या मुलांचीही मागणी आहे.

सुरतेची महापालिका गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी अशा सात माध्यमांत शाळा चालवते. देशात अशी शहरं फार नसतील. या शहराने टेबल टेनिसमध्ये हरमीत देसाई दिला, मानव ठक्कर दिला. २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धेतलं टेबल टेनिस इथल्याच इनडोअर स्टेडियममध्ये झालं. म्हणजे पाठबळ मिळालं तर सुरतेचं पोर जगात खेळतं. मग खो-खो, कबड्डी, धावणं या बिनखर्चाच्या खेळांत लूमवाल्याचं पोर मागे राहावं असं काही नाही.

सरकारी शिडी सरकार सांभाळेल. पण पहिल्या पायरीपर्यंत मुलाला नेणं घरचं आणि समाजाचं काम आहे. म्हणून चार गोष्टी:

१. पाचवीच्या आत जन्मदाखला, शाळेचं रजिस्टर आणि आधार, तिन्हींवर नाव आणि तारीख एकच करून घ्या. शाळेतली तारीख दुरुस्त करायला पुढे पुढे फार त्रास होतो. बाळंतपण माहेरी झालं असेल तर तिथून निघतानाच दाखला नावासकट घ्या.

२. मुलाच्या नावाने बँक खातं उघडा. बक्षीस तिथेच येतं. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे.

३. जूनमध्ये शाळा उघडली की मुख्याध्यापकांना विचारा, यंदा कुठल्या खेळात प्रवेशिका पाठवणार? चार पालक एकत्र जाऊन विचारा. एकट्याला 'बघू' म्हणतात, चौघांना तारीख सांगतात.

४. शाळा पाठवत नसेल तर खेल महाकुंभाची नोंदणी चुकवू नका.

आपल्यातले निवृत्त लोक, विशेषतः बँक, पोस्ट, शाळा, एलआयसीतले, आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी बसले तर पुष्कळ होईल. आम्हाला आयुष्यभर दुसरं काय आलं? कागद जुळवणं! माणिकरावांसारखं आखाडे उभारणं आपल्या हातून होणार नाही, पण एका मुलीचा दाखला वेळेत पोचवणं नक्की होईल.

तुमच्यापैकी कोणी १९६० च्या आधी मुंबई राज्याच्या शालेय स्पर्धांत खेळलं असेल, किंवा घरात वडील-काकांची जुनी प्रशस्तिपत्रं असतील, तर फोटो टाका. कोणाच्या मुलाचे कागद अडले असतील तर मला निरोप पाठवा, चष्मा घेऊन तयार आहे. आणि इथे कोणी 'रमतगमत' म्हटलं तर हसा, पण फॉर्म मात्र रमतगमत भरू नका.